डिजिटल कॉन्टेस्ट: ३० ऑगस्टला कोण कोण बँडवर असणार?

तारवाला (पुणे)

मंडळी, हॅम रेडिओची (परवाना काढून चालवायच्या हौशी रेडिओची) वर्ल्ड वाइड डिजी कॉन्टेस्ट यंदा, २०२५ला, ३० ऑगस्टला आहे. आपल्या घड्याळाने शनिवारी संध्याकाळी साडेपाचला सुरू, रविवारी संध्याकाळी साडेपाचला खलास. २०१९पासून ऑगस्टच्या अखेरीच्या शनिवार-रविवारी ही होते. परवाना काढून वर्षानुवर्षं दोन मीटरच्या रिपीटरवर (जवळपासचे सिग्नल पुढे फेकणाऱ्या स्टेशनवर) 'फाइव्ह नाइन, सेव्हन थ्री' (सिग्नल छान, नमस्कार) एवढंच करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना एचएफवर (जगभर पोचणारे शॉर्टवेव्ह बँड; ८०, ४०, २० मीटर ही त्यांची नावं) ओढून आणायला हा धागा.

ज्यांनी कधीच कॉन्टेस्ट केली नाही त्यांच्यासाठी: ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क करायचा आणि प्रत्येक संपर्कात ठरलेली माहिती घ्यायची-द्यायची. इथे ती माहिती म्हणजे तुमचा ग्रिड, नकाशावरच्या तुमच्या चौकोनाचा कोड. मोड दोनच, एफटी८ आणि एफटी४ (कॉम्प्युटर ठरलेल्या पाळीत सुरांमधून छोटे संदेश पाठवतो आणि वाचतो). रिग (रेडिओसंच), कॉम्प्युटर आणि मध्ये यूएसबी केबल, एवढ्यावर भागतं.

माझं म्हणणं असं की सोसायटीत राहणाऱ्या, १०० वॉट आणि गच्चीवर एक तार एवढंच भांडवल असलेल्या माणसाचं खऱ्या अर्थाने काही चालत असेल तर ते याच कॉन्टेस्टमध्ये. एसएसबीच्या (आवाजी बोलण्याच्या) कॉन्टेस्टला युरोपातली किलोवॉटवाली स्टेशनं आपल्या डोक्यावर बसलेली असतात, आपण घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि समोरच्याने 'अगेन, अगेन' करायचं. एफटी८चा सिग्नल २५०० हर्ट्झच्या हिशोबाने नॉइजच्या २० डेसिबल खाली गेला तरी निघतो. एफटी४ थोडा कमी, साधारण १७पर्यंत, पण दुप्पट वेगाने: १५ सेकंदांच्या पाळीऐवजी साडेसात सेकंदांची. एका संपर्काला चार पाळ्या धरा. एफटी८ला मिनिट, एफटी४ला अर्धं मिनिट.

गुणांचा हिशोब: प्रत्येक संपर्काला १, आणि अंतराच्या दर ३००० किलोमीटरला आणखी १. पुण्याहून जर्मनी ३, जपान ३, न्यूयॉर्क ५. ग्रिडची पहिली दोन अक्षरं म्हणजे फील्ड. प्रत्येक बँडवर मिळालेलं प्रत्येक नवं फील्ड हा एक मल्टिप्लायर. गुणांची बेरीज गुणिले मल्टिप्लायर, झाला स्कोअर. पुणे एमके६८, म्हणून आपलं फील्ड एमके.

कोण कोण येतंय? हात वर करा.

नागपूरकर

धाग्याबद्दल धन्यवाद. मी आहे. आणि पुण्या-मुंबईच्या लोकांनी एक लक्षात घ्या, नागपूर एमएल९१ आहे. तुम्हाला माझ्याकडून गुण एकच मिळेल, पण फील्ड नवं मिळेल. सगळे अमेरिकेच्या मागे धावतात आणि दुपारी ४० मीटरवर सहज मिळणारा विदर्भ तसाच राहतो. (विदर्भाचं नेहमीचंच.)

खडखडाट (सातारा)

माफ करा, पण हे प्रकरण मला कधीच पटलेलं नाही. सीडब्ल्यूत (मोर्स कोडमध्ये) माणूस ऐकतो आणि माणूस लिहून घेतो. इथे कॉम्प्युटरच ऐकणार, तोच उत्तर देणार, लॉगही तोच भरणार. आपण काय, वीजबिल भरायचं फक्त?

तारवाला (पुणे)

काका, वीजबिल सीडब्ल्यूलाही येतंच की :)

नियम असा आहे की प्रत्येक संपर्क माणसाने स्वतः सुरू करायला हवा. प्रोग्रॅम सोडून झोपायला जाणं या कॉन्टेस्टमध्ये चालत नाही. आता माणसाला काय काम उरतं ते सांगतो. शनिवारी रात्री नऊची वेळ, २० मीटर युरोपला सताड उघडा, एफटी४ लावलंय. पाळी संपताक्षणी पडद्यावर ओळीच ओळी येतात आणि पुढची पाळी सुरू व्हायच्या आत तुमच्या हातात दोन-अडीच सेकंद असतात. एक जर्मन बोलावतोय, जोरात, त्याचं फील्ड तुम्हाला आधीच मिळालंय. त्याच्या खाली अगदी क्षीण ब्राझील, फील्ड जीजी, अजून मिळालेलं नाही. समजा आत्ता तुमचे ४०० गुण आणि ४० मल्टिप्लायर आहेत, म्हणजे १६,०००. जर्मन घेतला तर ४०३ गुणिले ४०, म्हणजे १६,१२०. ब्राझील घेतला तर ४०५ गुणिले ४१, म्हणजे १६,६०५. पण ब्राझील कदाचित ऐकणारच नाही आणि तीन-चार पाळ्या वाया जातील. तेवढ्यात एक जर्मन झाला असता. हे कोणी ठरवायचं? कॉम्प्युटर नाही ठरवत.

त्यात भर म्हणजे कुठल्या वेळी कुठल्या बँडवर असायचं हे. १५ मीटर बंद पडत चाललाय हे ओळखून वेळेत २० वर उतरणं, सूर्योदयाच्या आसपास अमेरिकेसाठी जागं असणं, ४० मीटरला मध्यरात्रीनंतर युरोप. सीडब्ल्यूवाल्यांना हे सगळं तोंडपाठ असतं. त्यामुळे खरं तर तुम्ही आमच्यापेक्षा पुढून सुरुवात कराल.

एडिसनकर (न्यू जर्सी)

एफएन२० मधून नमस्कार. इकडची बाजू सांगतो. आमच्याकडून तुमचा रस्ता पार उत्तरेकडून, ध्रुवाच्या बाजूने जातो, त्यामुळे भूचुंबकीय वादळ असेल त्या दिवशी भारत म्हणजे शून्य. नसेल तेव्हा पडद्यावर 'एमके' दिसलं रे दिसलं की अख्खा पूर्व किनारा त्यावर तुटून पडतो. भारतातली मंडळी इतरांना हाका घालत बसतात ते मला कळतच नाही. तुम्ही स्वतः सीक्यू ('कोणीही या' अशी हाक) द्या, जागेवर बसा आणि लोकांना येऊ द्या. तुम्हीच तर मल्टिप्लायर आहात.

तुमची सकाळ म्हणजे आमची शनिवारची संध्याकाळ. तेव्हा २० मीटरवर असा, एवढी विनंती.

ओहमकार (डोंबिवली)

सीक्यू देऊन बसायला हरकत नाही, पण आधी सिग्नल स्वच्छ हवा. आपल्याकडे निम्मे सिग्नल फाटलेले असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एफटी८ म्हणजे ऑडिओतला एकच सूर, आठ पायऱ्यांवर उड्या मारणारा, दोन पायऱ्यांत ६.२५ हर्ट्झ. पूर्ण सिग्नल ५० हर्ट्झमध्ये मावतो. पण साउंडकार्डवरून रिगला जास्त ऑडिओ दिला की एएलसी (रिगमधलं पॉवर आवरणारं सर्किट) हलायला लागतो आणि त्या सुराचे दुप्पट-तिप्पट भाऊबंद तयार होतात. ६०० हर्ट्झवर पाठवाल, तर १२०० आणि १८००वरही तुम्हीच दिसाल. लोक बोलत नाहीत, पण मनात नोंद ठेवतात.

उपाय दोन. डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये (एफटी८-एफटी४च्या प्रोग्रॅममध्ये) उजवीकडे पॉवरची उभी पट्टी असते. ट्यून दाबा आणि एएलसीचा काटा पडेपर्यंत ती खाली आणा. पॉवर किंचित कमी झालेली दिसली पाहिजे, तिथे थांबा. दुसरं, सेटिंगमध्ये स्प्लिट ऑपरेशन 'रिग' किंवा 'फेक इट' करा. मग प्रोग्रॅम रिगची फ्रिक्वेन्सी सरकवून ऑडिओ कायम १५०० ते २००० हर्ट्झमध्ये ठेवतो आणि भाऊबंद जन्मलेच तरी रिगच्या फिल्टरबाहेर पडून मरतात. ही एक सेटिंग न केल्याने होणारा घोळ मी रोज वॉटरफॉलवर (पडद्यावर सरकणाऱ्या सिग्नलच्या चित्रात) बघतो.

पॉवरही पूर्ण लावू नका. १५ सेकंदांपैकी पावणेतेरा सेकंद रिग एकसारखा पाठवत असतो, बोलण्यात मिळते तशी उसंत त्याला नसते. १०० वॉटच्या रिगला ५० वर ठेवा, २४ तास तग धरेल. फरक ३ डेसिबल, चालतंय.

आणि घड्याळ! सेकंदाच्या आत हवं. डीटीचा (वेळेतल्या फरकाचा) रकाना बघत राहा, सगळ्यांचाच डीटी एका बाजूला झुकलेला दिसला तर चूक त्यांची नाही, तुमच्या घड्याळाची आहे.

नवखा_व्हीयू३

वाचतोय. एक प्रश्न, माझा परवाना रिस्ट्रिक्टेड (खालच्या) ग्रेडचा आहे. मला भाग घेता येतो का? रिग जुना आहे, यूएसबी नाही.

ओहमकार (डोंबिवली)

कॉन्टेस्टवाले ग्रेड विचारत नाहीत. तुमच्या परवान्यावर जे बँड, जी पॉवर आणि जे मोड आहेत त्यांच्या आत राहा, झालं. रिगला यूएसबी नसेल तर मागच्या डेटा किंवा ॲक्सेसरी सॉकेटला बाहेरचा साउंडकार्ड इंटरफेस जोडतात. हजारो लोक असेच करतात. केबलवर फेराइट क्लिपा लावा, नाहीतर ट्रान्समिट करताना माउस गोठतो.

गोदाकाठ (नाशिक)

माझी अडचण वेगळी आहे आणि हसू नका. एमके आणि एमएल यांच्यातली सीमा म्हणजे बरोबर २० अंश उत्तर अक्षांश. ती रेघ आमच्या गावातून जाते. दक्षिणेला एमके६९, उत्तरेला एमएल६०. माझी मैत्रीण दोन किलोमीटरवर राहते आणि ती वेगळ्या फील्डमध्ये आहे! आता मी बाल्कनीत मोबाइल घेऊन उभी राहिले तर एक ॲप एक सांगतं, दुसरं दुसरं.

नागपूरकर

ताई, एमएलमध्ये या. इकडे गर्दी कमी आहे.

तारवाला (पुणे)

दिल्लीही एमएलच, ती ८८. त्यामुळे गर्दी कमी वगैरे काही नाही, नागपूरकरांच्या नादी लागू नका.

अँटेना जिथे आहे तिथला अक्षांश धरा. उघड्या गच्चीवर जीपीएस पाच मिनिटं स्थिर ठेवून जो आकडा येईल तो. एकदा ठरलं की सेटिंगमध्ये तोच आणि लॉगमध्येही तोच. मध्येच बदललात तर समोरच्यांच्या लॉगशी तुमचा मेळ बसणार नाही. अंतर चौकोनाच्या केंद्रापासून मोजतात, त्यामुळे गुणांत फार फरक पडत नाही. फरक पडेल तो तुम्हाला हाका घालणाऱ्यांना.

पेठेतला (पुणे)

तुम्ही सगळे कुठल्या जगात राहता? २७ला गणपती बसतायत! ३०ला आमच्या खाली मांडव, स्पीकर आणि शंभर-दोनशे एलईडी माळा. मागे एकदा ४० मीटरवर नॉइज एस९ला (एस मीटर, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या मापावर बराच वर) चिकटून बसला होता आरतीपासून पहाटेपर्यंत. मंडळाचा अध्यक्ष माझा वर्गमित्र आहे, तरी त्याला 'माळा बंद कर, मला ब्राझील मिळत नाहीये' असं कुठल्या तोंडाने सांगू?

तारवाला (पुणे)

सांगू नकोस, वर्गणी डबल होईल.

आधी घरातला कचरा काढ. रिग बॅटरीवर चालव, घराचा मेन स्विच पाड आणि एस मीटर बघ. नॉइज पडला तर चोर घरातच आहे: इन्व्हर्टर, चार्जर, राउटरचा अडॅप्टर. एकेक एमसीबी चढवत गेलास की सापडतो. राहिलेला बाहेरचा. तो ८० आणि ४० वर जास्त लागतो, १५ आणि १० वर बराच कमी. दुपारी १५, संध्याकाळी २० असं धर आणि रात्री उशिरा माळा बंद झाल्यावर ४०. सौरचक्राचं शिखर २०२४मध्ये येऊन गेलंय, पण वरचे बँड अजून जिवंत आहेत. यंदा नाही तर मग बरीच वर्षं नाही.

पावसाचं मात्र सगळ्यांनाच सांगतो. गडगडायला लागलं की स्कोअर बघू नका. कोॲक्स (अँटेनाची केबल) रिगवरून काढा आणि खिडकीबाहेर टाका.

ओहमकार (डोंबिवली)

+१. आणखी एक, हे फक्त मुंबई-पुण्याच्या दाटीसाठी. एफटी८मध्ये पाळ्या दोन, सम आणि विषम. एक पाठवतो तेव्हा दुसरा ऐकतो. एकाच गावातले दोघे सीक्यू देत असतील आणि एक सम, दुसरा विषम असेल तर दोघंही एकमेकांना बहिरं करतात. सीक्यू देणाऱ्यांनी सगळ्यांनी सम पाळी धरावी, असं सुचवतो. शोधून हाक घालणाऱ्याला ते शक्य नाही, त्याला समोरच्याच्या उलट जावं लागतं. तेवढं चालवून घेऊ.

खडखडाट (सातारा)

गणित पटलं. कान अजून नाही पटला. हे काढलं तरी कोणी, आणि कशासाठी?

तारवाला (पुणे)

जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके. एफटी८मधलं एफटी म्हणजे फ्रँके-टेलर, २०१७ सालचं. एफटी४ २०१९चं, ते तर कॉन्टेस्टसाठीच बेतलेलं. टेलर म्हणजे तेच, ज्यांना रसेल हल्स यांच्याबरोबर १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९७४मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीने त्यांनी जोडीने फिरणारा पल्सार (नियमित रेडिओ ठोके देणारा तारा) शोधला होता. नॉइजमध्ये बुडालेला नियमित सिग्नल उकरून काढणं हा त्या माणसाचा आयुष्यभराचा धंदा. आधी जेटी६५ केलं, चंद्रावर आपटून परत येणारे सिग्नल वाचायला. त्यात एकेक पाळी मिनिटाची.

अवांतर: नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर पल्सारचंही काम चालतं. तिथल्या तीस डिशच्या आसपास आपण ट्रान्समिट करत हिंडू नये एवढंच.

टेलिप्रिंटर (सोलापूर)

खडखडाटकाकांनी विचारलं म्हणून लिहितो. कान पाहिजे असेल तर आरटीटीवाय (रेडिओवरचा टेलिप्रिंटर) करा. मी तारखात्यात होतो, टेलिप्रिंटरच्या आवाजावर जेवलोय. सीक्यू वर्ल्ड वाइड आरटीटीवाय ही कॉन्टेस्ट २७ सप्टेंबरला आहे. शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू, ४८ तास.

यात सूर दोनच, १७० हर्ट्झच्या अंतरावर, वेग ४५.४५ बॉड. अक्षर पाच बिटांचं, म्हणजे बत्तीसच जागा. त्यात अक्षरंही बसवायची आणि आकडेही, म्हणून 'आता आकडे' आणि 'आता अक्षरं' असे दोन इशारे असतात. इशारा नॉइजमध्ये बुडाला की आकडे अक्षरं होऊन येतात. कॉन्टेस्टसाठी जगाचे झोन पाडलेत, भारत झोन २२ मध्ये आहे, आपण पाठवतो '५९९ २२' (सिग्नल छान, झोन २२). समोरच्याच्या पडद्यावर येतं 'टीओओ डब्ल्यूडब्ल्यू'. कीबोर्डची सगळ्यात वरची अक्षरांची ओळ बघा, क्यू म्हणजे १, डब्ल्यू म्हणजे २, टी म्हणजे ५, ओ म्हणजे ९. मुरलेला माणूस न थांबता वाचतो. म्हणूनच झोन दोनदा पाठवायचा, गर्दी असेल तर तीनदा.

एफटी८ एकतर पूर्ण संदेश देतं नाहीतर काहीच देत नाही, कारण त्यात चुका सुधारणारा कोड आहे. आरटीटीवायमध्ये तसलं काही नाही. अर्धं कॉलसाइन (स्टेशनचं नाव) येतं, मधलं अक्षर उडालेलं असतं, पाइलअपमध्ये (अनेकांच्या हाकांच्या गर्दीत) तिघांचे तुकडे एकत्र येतात, आणि त्यातून तुम्ही ठरवायचं की हा कोण. आणि कानाने ट्यून करता येतं! दोन सुरांची ती टुरूटुरू सुरू झाली की डायल बरोबर कुठे थांबवायची ते मला पडदा न बघता कळतं.

गुणही वेगळे: स्वतःच्या देशात १, स्वतःच्या खंडात २, दुसऱ्या खंडात ३. मल्टिप्लायर म्हणजे देश, झोन आणि अमेरिका-कॅनडाची राज्यं. त्यामुळे अमेरिका उघडली की एकेक राज्य गोळा करायचं.

एडिसनकर (न्यू जर्सी)

दंडवत. 'टीओओ डब्ल्यूडब्ल्यू' इकडे बसून पुष्कळदा वाचलंय आणि दर वेळी बरं वाटतं.

गोदाकाठ (नाशिक)

एफटीकडे परत येते. 'आरआर७३' (सगळं मिळालं, नमस्कार) पाठवलं, पण समोरच्याला ते मिळालं की नाही हे कसं कळायचं? लॉग करायचं की नाही?

ओहमकार (डोंबिवली)

चांगला प्रश्न, यातच सगळ्यात जास्त संपर्क कापले जातात. क्रम बघा (आधी समोरच्याचं कॉलसाइन, मग स्वतःचं):

सीक्यू डब्ल्यूडब्ल्यू के१एबीसी एफएन४२
के१एबीसी डब्ल्यू९एक्सवायझेड ईएन३७
डब्ल्यू९एक्सवायझेड के१एबीसी आर एफएन४२
के१एबीसी डब्ल्यू९एक्सवायझेड आरआर७३

शेवटची ओळ पाठवणाऱ्याने ती पाठवतानाच लॉग करावं, त्याच्याकडे दोन्ही बाजूंची माहिती आलेली असते. पण लगेच बँड बदलून पळू नका. समोरच्याला ती मिळाली नसेल तर तो तिसरी ओळ पुन्हा पाठवेल. दिसली की परत आरआर७३ द्या. पळालात तर तुमच्या लॉगमध्ये संपर्क राहतो, त्याच्या लॉगमध्ये नाही, आणि तपासणीत तो 'नॉट इन लॉग' म्हणून उडतो. सगळ्यांचे लॉग एकमेकांशी ताडून बघतात, तिथे काही लपत नाही. म्हणून पाच संपर्क झाले असले तरी लॉग पाठवा. कॅब्रिलो फाइल (लॉग पाठवायचा ठरलेला नमुना) प्रोग्रॅम स्वतः बनवून देतो, फक्त वरचा कॅटेगरीचा भाग नीट भरा: एकटा ऑपरेटर, १०० वॉटपर्यंत म्हणजे लो पॉवर, ५ वॉटपर्यंत क्यूआरपी.

पेठेतला (पुणे)

अपडेट: मेन पाडून बघितला. चोर घरातच होता, फिशटँकच्या दिव्याचा अडॅप्टर. एस९चा एस५ झाला. मासे एक रात्र अंधारात राहतील.

नागपूरकर

शाब्बास. मी शनिवारी रात्री नऊपासून ४० मीटर एफटी८वर सम पाळीत सीक्यू देतोय. नेहमीच्या ७०७४ किलोहर्ट्झवर नाही, नियमांत कॉन्टेस्टसाठी जो वेगळा पट्टा सुचवलाय तिथे. ७०७४ वर रोजच्या लोकांना त्रास नको.

नवखा_व्हीयू३

इंटरफेस मागवला. मी ५० वॉट आणि २० मीटरचा डायपोल, साधारण १० मीटर लांब तार. सेक्रेटरींना 'कपडे वाळत घालायची दोरी आहे' सांगितलंय.

तारवाला (पुणे)

त्यांना खरं काय ते सांग आणि परवान्याची झेरॉक्स दे. पुढे तिथे दुसरी तार लावायची वेळ येईलच.

खडखडाट (सातारा)

३०ला मी नाही. २७ सप्टेंबरला येतो, आरटीटीवायला. टेलिप्रिंटरसाहेब, ते एमएमटीटीवाय (आरटीटीवायचा प्रोग्रॅम) विंडोज ११वर चालतं का?

टेलिप्रिंटर (सोलापूर)

चालतं. एन१एमएमच्या (लॉगच्या प्रोग्रॅमच्या) आत बसवा, एफ१ला सीक्यू आणि एफ२ला '५९९ २२ २२' भरून ठेवा. फोन नंबर व्यनि करतो, आधी एकदा १४०८५ किलोहर्ट्झच्या आसपास भेटू.